मूठभर माती

मी एक काचेची बरणी. जन्म भट्टीतला, त्यामुळे तापण्याची भीती नाही. हातातून निसटण्याची मात्र आहे. आधी माझ्यात जॅम होता. तो चाटूनपुसून संपल्यावर नणंदबाईंनी माझं लेबल सोललं आणि मला गरम पाण्यातून काढलं. त्या इस्पितळात नर्स, त्यामुळे त्यांच्या तावडीतून कुठलीच वस्तू सुटत नसे. त्यांची वहिनी घरीच शिवणकाम करायची. तिला मी बटणांसाठी हवी होते, पण ते राहूनच गेलं.

एका सुट्टीच्या सकाळी नणंद-भावजय टेकडीवर फिरायला निघाल्या. माझ्यात दाणे भरून घेतले. परतताना एका झुडपावर अळी दिसली. बोटाएवढी जाड, हिरवीगार, शेपटाला शिंग आणि मानेशी दोन खोटे डोळे. दाणे रुमालात गेले, अळी माझ्यात आली. सोबत त्याच झुडपाची डहाळी.

"ही कोण हो, वन्सं?"

"शोधू या. नाव कळल्याशिवाय सोडायची नाही."

मग फोटोंचा सपाटा सुरू झाला. शेजारचे काका म्हणाले, विषारी आहे. वहिनीच्या भावाने एका फुलपाखराचं नाव पाठवलं. मोबाइलने तर तिला काकडी ठरवलं. शेवटी नणंदबाईंनी आपल्या जुन्या सरांना फोटो पाठवला. सरांचा पतंगांचा अभ्यास होता, पण उत्तर द्यायला ते सवडीने बसायचे.

मी मात्र सुखात होते. पहिल्यांदाच माझ्यात काही जिवंत होतं. ती दिवसभर पानं कुरतडायची आणि मला उगाच घर झाल्यासारखं वाटायचं.

एके सकाळी तिनं खाणं सोडलं. रंग काळपट झाला, विष्ठा पातळ झाली.

"जुलाब," नणंदबाईंनी बघताक्षणी सांगितलं. पानं फेकली गेली, मला धुऊन पुसून तळाशी कोरडा कापूस अंथरला. सकाळी एकदा, ड्यूटीवरून आल्यावर एकदा, कापूस बदलायचा. अळी तो बाजूला सारायची आणि माझ्या तळाला डोकं घासत राहायची. ते घासणं मला आतून कळायचं. तिला खाली जायचं होतं आणि तिच्या खाली मी होते.

वहिनीलाही काहीतरी खटकलं. "वन्सं, ही सारखी खालीच डोकं खुपसतेय. सोडून येऊ का टेकडीवर?"

"आजारी पेशंटला असं घरी पाठवतात का, वहिनी? सरांचं उत्तर आज-उद्या येईलच."

वहिनी पुन्हा शिवणाकडे वळली. दुखण्याखुपण्यात नर्सपुढे कोण बोलणार.

उत्तर आलं ते संध्याकाळच्या चहाच्या वेळी. वहिनीनं वाचून दाखवलं. आधी पतंगाचं भलंमोठं नाव होतं, खाली दोन ओळी होत्या: 'खाणं सोडून काळपट झाली, की ती आजारी आहे असं समजू नका. पोट रिकामं करून ती कोष करायला जमिनीत शिरते. मूठभर माती द्या, बाकीचं तिचं ती बघेल.'

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. पांढऱ्याशुभ्र कापसावर ती आक्रसून पडली होती. नणंदबाईंनी बोटाने हलवून पाहिलं. इतक्या माणसांच्या नाड्या पाहिलेलं ते बोट, पण त्याला काहीच हालचाल लागली नाही.

"मी तिचा बिछाना रोज बदलत होते, वहिनी," त्या म्हणाल्या.

"मी म्हटलं होतं" असं वहिनी म्हणाली नाही. तिनं कुंडीतली माती आणून मला गळ्यापर्यंत भरलं आणि अळीला आत ठेवलं.

तेव्हापासून मी खिडकीत आहे. काचेवर धूळ बसलीय. नणंदबाई येता-जाता बघतात, पण फडकं काही उचलत नाहीत. तुम्हाला कधी कुणी अनोळखी जीव भेटला, तर त्याचं नाव जरूर शोधा. पण उत्तर येईपर्यंत तो कुठे जायला धडपडतोय, तेवढं बघा. मला तोंड आहे एवढं मोठं, तरी वेळेवर सांगता आलं नाही.

आता माझ्यात भरपूर माती आहे. उकरणारं कुणी नाही.