वैतरणेचा न

त्या रविवारी निकेतच्या पायाला भिंगरी लागली होती. घटकाभर कॉम्प्युटरपुढे बसायचा, उठून पडवीत जायचा, खाडीकडे तोंड करून उभा राहायचा, की परत आत. आई वैतागून म्हणालीसुद्धा, एक तर जेव, नाहीतर चालत रेवसच्या धक्क्यावर जा, पण माझं डोकं फिरवू नको.

कारण म्हणाल तर एक अक्षर!

कॉम्प्युटरवर विमान चालवायचा खेळ असतो ना, त्यातल्या विमानांवर खऱ्या कंपन्यांचे रंग, पट्टे, नावं हुबेहूब चढवायची, हे निकेतचं वेड. आणि या वेड्यांच्यात पट्टा केसभर सरकला तरी जगभरचे लोक कान धरतात. दोन महिने तो 'अपरांत एअर'च्या विमानामागे लागला होता. कंपनी केव्हाच बंद पडली, पण तिच्या विमानांना नद्यांची नावं होती, आणि त्यातली 'वैतरणा' निकेतच्या बापानं, काळूरामनं, रंगवली होती. गावात कुणाची हळद असो की साखरपुडा, काळूराम ते सांगणारच. मग ती मुंबईची नोकरी का सोडली, असं विचारलं की मात्र तंबाखू मळायला लागायचा.

शनिवारी माणगावच्या सुजितनं, म्हणजे याच वेडातल्या दोस्तानं, विमानाच्या उजव्या बाजूचा जुना फोटो धाडला. निकेतनं तो मोठा करून पाहिला, आणखी मोठा करून परत पाहिला. डाव्या बाजूला छापील अक्षरात 'वैतरणा' होतं. उजवीकडे, होडीवर नाव काढतात तशा गोलसर हातानं, 'वैतरना'.

घरात ण कुणाच्या जिभेवरच नव्हता. पानी, लोनी, आंगन. निकेतचा स्वतःचा ण शाळेत छड्या खाऊन आलेला. बाप बोलतो तसं लिहून मोकळा झाला होता, आणि नोकरी कशानं गेली ते आता कुणी सांगायला नको होतं.

न ठेवावा तर बापाची चूक जगभर उडणार. ण करावा तर ते खोटं, आणि खोटंच रंगवायचं तर दोन महिने डोळे कशाला फोडले? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी जीव बापाकडेच ओढला. त्यानं न पुसला, ण काढला आणि काळूरामला हाक मारली.

काळूराम चष्मा पुसत येऊन बसला. निकेतनं विमान किहीमच्या माडांवरून वळवलं. म्हातारा खूश. पट्टा बरोबर, शेपटीचा निळा बरोबर. मग म्हणाला, उजवी बाजू दाव. ती पाहिली आणि पडद्याजवळ वाकला.

"ह्यो माजा न्हाय," तो म्हणाला.

चूक होती म्हणून सुधारलं, असं निकेत कसंबसं पुटपुटला.

"चूक हाय, मना ठावं हाय. अक्षरांचा छाप फाटला व्हता, म्हनून हातानं लिवलं. त्येच्यापायी हाकलला मना. पन पोरा, बाकी समदं छापाचं, त्या अख्ख्या इमानावर माज्या हातचं तेवढंच व्हतं. आन तू त्येच पुसलंस."

निकेतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं ण पुसून टाकला आणि माउस बापाच्या हाताखाली सरकवला.

काळूरामनं माउस ब्रशासारखा धरला. न वाकडा आला, फोटोतल्यासारखा मुळीच नाही. निकेतनं तो तसाच ठेवला.