पुसलेल्या रेघा

खंडेनवमीच्या सकाळी मी नवऱ्याच्या गाडीच्या एकतीस नटांना कुंकू लावलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

गाडी दुकानातून आणलेली नव्हती. अवधूत आणि आमचे शेजारी मोरिता-सान यांनी दोन वर्षं रविवारी खपून घरीच जोडलेली हॉट रॉड होती ती. जुन्या पिकअपचा सांगाडा, त्याला न शोभणारं मोठं इंजिन, बॉनेट नाही, पुढची चाकं उघडी. अवधूत जपानात कावासाकीला आला तो बँकेची सॉफ्टवेअर लिहायला. मोरिता-सान बस डेपोच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांच्या शेडमधलं ते धूड पाहिलं आणि हा माणूस रविवारचा घरी दिसेना.

मला गाड्यांचं वेड नाही, पण विचारायची खोड आहे. चहा घेऊन गेले की माझं सुरू व्हायचं, "हे कशाला? हे सुटलं तर काय होतं?" स्टिअरिंग, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या सांध्यांवर मिळून एकतीस नट होते. प्रत्येकावर एक पांढरी रेघ, नट आवळून झाल्यावर ओढलेली, नटावरून खालच्या लोखंडापर्यंत आलेली.

"नट फिरला की रेघ तुटते," मोरिता-सान सांगायचे. "लांबूनही दिसतं." मग एकेका रेघेकडे बोट रोखून मोठ्यानं म्हणायचे, "योशी!" म्हणजे ठीक आहे. मला त्याची फार गंमत वाटायची. घरी कुणी नसताना मीही गॅसच्या बटणाकडे बोट करून हळूच म्हणून पाहायची.

त्या चातुर्मासात मी देवीला लाख चिमटी कुंकू वाहायचं व्रत धरलं होतं. रोज हजार, मोजून. नवमीला हजार झाले आणि मनात आलं, आज हत्यारांची पूजा, मग गाडीची का नको? दुपारी एकला तिची सरकारी तपासणी होती. अवधूत ती स्वतः चालवत नेणार होता, दहा किलोमीटर. कुंकू पाण्यात कालवलं आणि शेडमध्ये जाऊन एकतीसही नटांना लावून आले.

अवधूत बघतच राहिला. "अगं, गोवर आलाय का हिला?"

"पूजा केली हो."

"रेघांवर? मोरिता-सान बघतील तर! थांब, त्यांना कळणारसुद्धा नाही." त्यानं फडक्यावर थिनर ओतलं आणि भराभर पुसलं. कुंकू गेलं. पांढऱ्या रेघाही गेल्या.

मग त्यानं खणातून पांढऱ्या रंगाचं पेन काढलं. "पुन्हा ओढतो. नट काय पळालेत?"

"अहो, रेघ आवळल्याची ना? मग न आवळता कशी ओढायची?"

"साडेअकरा वाजलेत, जयंती!"

मी आवाज चढवत नाही, चढतही नाही. "मी त्यांना बोलावून आणते," म्हटलं आणि निघाले.

मोरिता-सानना माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं, रेघा माझ्यामुळे गेल्या. त्यांनी घड्याळ पाहिलं, शेडमध्ये येऊन पान्यांचा खण ओढला आणि मला म्हणाले, "आधी तुमचा हात, मग माझा पाना."

मी एकेक नट चिमटीत धरून फिरवून बघू लागले. कुठलाच हलेना. बोटं काळी झाली. एकोणिसावा डाव्या चाकापाशी होता, स्टिअरिंगचा दांडा चाकाला मिळतो तिथे. तो माझ्या बोटांनी फिरला. जपमाळेचा मणी सरकावा इतक्या सहज.

"हे सुटलं तर काय होतं?" मी विचारलं.

"स्टिअरिंग डावीकडे," मोरिता-सान म्हणाले, "आणि चाक त्याला हवं तिकडे."

अवधूत खाली बसला. "हा बसवला त्या रविवारी ऑफिसचा फोन आला होता. आवळला का, असं तुम्ही विचारलंत. मी फोनवरच होतो... मान हलवली."

मोरिता-साननी टोपी काढली आणि त्याच्यापुढे वाकले. "मान पाहून रेघ ओढली. चूक माझी आहे."

"अहो, नाही, माझी," म्हणत हाही वाकला. मी काळी बोटं धरून मध्ये उभी. त्या न तुटलेल्या रेघेकडे पाहून महिनाभर तिघंही मनात योशी म्हणत आलो होतो.

एकची वेळ हुकली. फोन करून सोमवारची मिळाली. घरी आल्यावर प्रश्न पडला, ते एकतीस ठिपके लाखात धरायचे का? पुसले गेले होते. मी एकतीस चिमटी पुन्हा वाहिल्या.

सोमवारी अवधूत गाडीत बसला. मोरिता-सान नव्या रेघांकडे बोट रोखत फिरले. डाव्या चाकापाशी मात्र योशी न म्हणता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर खोचला, खाली बसले आणि नट सगळा जोर लावून फिरवून पाहिला. जागचा हलला नाही.

"योशी," मी म्हटलं, चांगलं मोठ्यानं.

अवधूतनं इंजिन सुरू केलं.