दाढेची संमती

बायको जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या एक आजार आहे, दात काचेसारखे तुटतात. तिची एकच दाढ शाबूत राहिली. ती का राहिली हे शोधायला संशोधन केंद्रानं तिच्या हयातीतच ती काढून घेतली. दाढेच्या आतल्या पेशी तिथं एका बशीत वाढवतात. त्यातून कधीतरी नवा दात तयार करून दुसऱ्याच्या जबड्यात बसवणार आहेत.

मागच्या आठवड्यात पत्र आलं. संमतीची मुदत गुरुवारी पाचला संपते, सही झाली नाही तर पेशी जाळून टाकणार. एकदा जाळलंय तिला, पुन्हा नको. गुरुवारी मी चारलाच केंद्राच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

“सही रुग्णाची लागते,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

“ती वारली.”

“मग वारसाची. मृत्यूचा दाखला द्या.”

दाखला बघून त्यांनी बराच वेळ बटणं दाबली.

“काका, कॉम्प्युटर घेत नाहीये. इथं त्या जिवंत आहेत. कालपर्यंत वाढल्यायत.”

“किती वाढली?”

“दोन मिलिमीटर.”

मला बरं वाटलं. शेवटी शेवटी ती नुसती वाळतच गेली होती.

“जिवंत आहे तर जाळता कशाला?”

“संमती नाही ना. वारल्या असत्या तर तुमची सही चालली असती.”

पाचला वीस मिनिटं होती. बाईंनी नियमांची वही काढली, बोट ठेवून वाचलं आणि आत फोन केला. रुग्णाला सही करता येत नसेल, तर त्याला समक्ष आणून तीनदा विचारायचं. तो नाही म्हणाला नाही, की झालं.

प्रयोगशाळेतला माणूस बशी दोन्ही हातांत धरून घेऊन आला. तळाला साय धरल्यासारखं काहीतरी होतं. मी केसांवरून हात फिरवला, शर्ट नीट केला.

“तुमची काही हरकत आहे का?” बाईंनी बशीला विचारलं. तीनदा विचारलं. मध्ये थोडं थांबल्याही.

“आटपा, गार पडतील त्या,” तो माणूस म्हणाला.

“गप्प आहेत म्हणजे कबूल आहे,” बाई म्हणाल्या. “काका, साक्षीदार म्हणून इथं सही करा.”

एकतीस वर्षांच्या संसारात ती गप्प बसली, की तिला ते मुळीच कबूल नसायचं. हे बाईंना सांगावं असं एकदा मनात आलं. मी सही केली.