अंगणाकडे वळवलेला दिवा

पुरुषाला सवत नसते म्हणतात. वायरमनला होती. निदान आपल्या जळफळाटाला दुसरा शब्द त्याला सापडत नव्हता.

त्याची बायको दूध केंद्रावर माप घालायची. ट्यूबलाइटच्या भगभगीत उजेडात, दोन्ही वेळच्या रांगेसमोर, फॅट कमी लागल्याची भांडणं ऐकत. घरी येऊन जेवणं उरकली, भांडी पालथी पडली, की ती चटई काखोटीला मारून मागच्या अंगणात जायची. चटई चांगली ऐसपैस होती, पण ही बाई तिच्या एका कडेला उताणी पडायची आणि वर बघत राहायची. मागे नुसती शेतं, त्यापुढे माळ. गावाच्या त्या टोकाला खांबच नव्हता. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख.

घरातल्या उजेडाची एक तिरीप तेवढी तिच्या तोंडावर पडायची, आणि वायरमन खिडकीतून तिच्याकडे बघायचा. केंद्रावरून येताना आंबलेलं तोंड तिथं पडल्या पडल्या निवळायचं. मधूनच ती गालात हसायची. आपल्याकडे बघून ही अशी शेवटची कधी हसली, हे त्याला काही केल्या आठवायचं नाही.

"काय असतं गं तिथं एवढं?"

"येऊन बघा की."

"मी दिवसभर वरच असतो. खांबावर." असं म्हणून तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. सगळ्या गावाला उजेड द्यायचा आपण, आणि आपल्याच घरात अंधाराचे लाड! त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

अशात गावाला एक जादा खांब मंजूर झाला. जागा ठरवायचं काम साहेबांनी वायरमनवर सोडलं. दवाखान्याच्या वळणावर माणसं ठेचकाळतात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वायरमननं खांब रोवला तो आपल्या घरामागे. दिव्याची दांडी रस्त्याकडे करायची असते, ती त्यानं अंगणाकडे केली आणि बोल्ट अगदी करकचून आवळले.

त्या संध्याकाळी अंगण पांढरंफटक झालं. बायको चटई घेऊन बाहेर आली आणि दारातच थांबली.

"दवाखान्याजवळ बसवायचा होता ना?"

"इथं साप निघतात."

"मला नाही कधी दिसला."

"अंधारात कसा दिसेल?"

ती दिव्याकडे बघत राहिली आणि चटई घेऊन आत गेली. भांडणावाचून काम फत्ते झालं म्हणून वायरमन खूश. आता ती रोज त्याच्या शेजारी बसायला लागली. त्यानं दिवसभराच्या गमती सांगाव्यात, तिनं 'हं' म्हणावं. पुसलेलाच डबा ती पुन्हा पुसायची. हे असलं जिंकणं त्याच्या घशाखाली उतरेना.

मग एका रात्री तो आंघोळ करून आला, तर ती घरात नव्हती. कोपऱ्यातली चटईही नव्हती. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एवढी मोठी चटई एका माणसाला कशाला लागते?

रंगेहाथ पकडायचं म्हणून तो हातातली बॅटरी बंदच ठेवून अंगणामागच्या काळोखात शिरला. झपाझप खांबावर चढणारा गडी सपाट बांधावर दोनदा आपटला. शेतं संपली, माळ लागला, आणि समोर जमिनीवर काहीतरी हललं. त्यानं बॅटरीचा झोत टाकला. बायको डोळ्यांवर हात घेऊन उठून बसली.

"कुठं गेला तो?"

"कोण?"

"ही बाकीची चटई कुणासाठी?"

"ती बॅटरी विझवा आधी."

त्यानं विझवली.

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "अंगणातही तशीच सोडायची. हाका मारायचं बंद केलं, जागा सोडायची सवय काही गेली नाही."

वायरमनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मुकाट्यानं त्या मोकळ्या जागेत आडवा झाला.

"काहीच दिसत नाही."

"डोळे उजेडाचे आहेत अजून. सरावू द्या."

मग एक चांदणी दिसली. तिच्यामागे दुसरी, मग मधल्या फटीत चुरा सांडल्यासारख्या कितीतरी. गावातला एकेक बल्ब तोंडपाठ असलेला माणूस पार गोंधळून गेला. त्यानं मान वळवली. आता अंधारातही तिचं तोंड दिसत होतं, आणि ती वर बघून हसत होती. त्याच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं. इतक्या सगळ्या रात्री हे सगळं हिनं एकटीनं पाहून घेतलं होतं, आणि तो भिंतीपलीकडे टीव्हीचा आवाज वाढवत बसला होता.

काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं गावाच्या दिशेला बोट केलं.

"तिकडे खाली चांदण्या का नाहीत गं? नुसता पांढरट डाग दिसतोय. ढग आलाय का?"

"नाही," ती म्हणाली. "तो तुमचा दिवा."