एकशे बारा मिस्ड कॉल

मित्रांनो, माझ्या बटणांवरचे आकडे पुसून गेले आहेत, त्यावरूनच माझे वय ओळखा. मी बुंदेलखंडातल्या बम्होरी गावचा एक जुना मोबाईल. माझी मालकीण रामश्री, अंगणवाडीची मदतनीस. राखीला तिच्या भावाने मला तिच्या हातावर ठेवले. ती मला पदराने पुसायची. कुणाच्या बाळंतपणाला गाडी बोलवायची असली, की गाव माझ्याकडे धावायचे. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

पुढे मुलींच्या शाळेला लागूनच दारूचे दुकान उघडले. पिणारे मुलींच्या वाटेत बसू लागले. अशात एका संस्थेची जीप आली. भोंगा ओरडला, "दुकान हटवायचंय ना? मिस्ड कॉल द्या! तुमचा कॉल म्हणजेच तुमची सही!"

रामश्रीने पहिला कॉल माझ्यावरून दिला. मग ती दारोदार फिरली. शेजारची नवी सून केसर कचरत म्हणाली, "जिज्जी, माझा नंबर भलत्याच्या हाती गेला तर?"

"अगं वेडे, रिंग वाजते नि कट होते. नंबर कोण लिहून घेतंय?" असे म्हणून रामश्रीने केसरच्या फोनवरून स्वतःच कॉल लावला. असे एकशे बारा कॉल झाले.

दुकान जागचे हलले नाही. आम्ही फोन मात्र वाजत सुटलो. आधी प्लॉट विकणारे, मग मते मागणारे. मग पिऊन बरळणारे पुरुष. "तूच ना आमचं दुकान बंद करणारी? ये की भेटायला!"

असा एक कॉल केसरच्या नवऱ्याने उचलला. "याच्याकडे तुझा नंबर आलाच कसा?" त्याने तिचे काही ऐकले नाही. फोन विहिरीत गेला आणि केसर माहेरी.

रामश्री संस्थेच्या कचेरीत गेली. टेबलामागचा तरुण म्हणाला, "ताई, कॉल तुम्हीच केलात ना? आम्ही का हात धरला होता?"

"पण यादी कुणाला दिलीत?"

"यादी जाते बऱ्याच ठिकाणी. तुमचा नंबर सांगा, तक्रार लिहून घेतो."

रामश्री मला मुठीत घट्ट धरून उठली.

हिवाळ्यात गावात गोवर आला. नर्सबाई अंगणवाडीत वही उघडून बसल्या. "लस आली की फोन करीन. नंबर सांगा."

"फोन नाही," रांगेतली पहिली बाई म्हणाली.

"आमच्याकडेही नाही."

तेवढ्यात कुणाच्या तरी कमरेला फोन वाजला. सगळ्यांनी ऐकला. कुणीही हलले नाही. नर्सबाईंनी रामश्रीकडे पाहिले. "तुम्ही तरी समजवा ना यांना!"

रामश्रीने मान खाली घातली; माझा नंबर तिनेही सांगितला नाही. बायका पोरांना कडेवर घेऊन निघून गेल्या. लस आरोग्य केंद्रात आली, ते गावात कुणाला कळले नाही. केसरच्या पुतणीचा ताप उतरलाच नाही.

मित्रांनो, कुणी विश्वासाने नंबर दिला, तर तो जिवापाड जपा. बायकांनी दिला होता तो दुकान हटवण्यासाठी. दुकान आजही तिथेच आहे.