दाजी डॉक्टरांची नवी गाडी

मालवणात मोटारीबद्दल कुणाला काही विचारायचं असलं की तो लवूकडे जाई. लवू हा दाजी डॉक्टरांचा ड्रायव्हर. डॉक्टरांची लढाईच्या आधीची विलायती गाडी त्याने पंधरा वर्षं सांभाळली होती आणि आपल्या देशात बनू लागलेल्या नव्या गाड्यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. पत्रा अंगठ्याने दबतो, म्हणायचा. दार तीनदा आपटल्याशिवाय लागत नाही. आणि गिऱ्हाईक पाच-पाच वर्षं नंबर लावून बसलेलं असताना कंपनी गाडी सुधारील कशाला? पुढची जाळी बदलायची आणि नवं मॉडेल म्हणायचं, झालं.

साठ साली डॉक्टरांचा नंबर लागला तेव्हा लवूनेच त्यांना तो सोडायला लावला. परदेशी सुटे भाग मिळेनासे झाले होते, पण त्याचं त्यावाचून अडलं नव्हतं. मागचा ॲक्सल गेला तेव्हा त्याने भंगारातल्या लॉरीचा ॲक्सल लेथवर मापाला कातून घेऊन बसवला होता. हे तो भेटेल त्याला सांगे.

पुढल्या मे महिन्यात, मसुऱ्याला माहेरी काजू गोळा करताना लवूच्या बायकोला, नर्मदेला, नाग चावला. तिचा भाऊ सायकल मारत मालवणात आला. डॉक्टर औषधाची पेटी घेऊन लगेच गाडीत बसले. निम्म्या वाटेवर, चढणीला, तो ॲक्सल तुटला. दोघे भर उन्हात चालत सुटले. पोचले तेव्हा नर्मदेला खळ्यात निजवलेलं होतं आणि बायका बाजूला सरून उभ्या होत्या. डॉक्टरांनी पेटी उघडलीच नाही.

लवूला कुणी बोल लावला नाही. तो रडलाही नाही. तेराव्यानंतर कामावर आला. बैल जुंपून ओढून आणलेली गाडी डॉक्टरांच्या अंगणात उभी होती. तो रोज तिच्या बाजूने जाई, दवाखाना झाडी, पाणी भरी. डॉक्टर एस.टी.ने फिरू लागले. मोटारीबद्दल विचारायला लोक यायचे ते हळूहळू थांबले.

डॉक्टरांनी पुन्हा नाव नोंदवलं, या वेळी डॉक्टरांसाठी राखून ठेवलेल्या कोट्यात. त्रेसष्टच्या जानेवारीत कोल्हापूरहून पत्र आलं आणि गाडी आणायला ते लवूला घेऊन गेले. येताना ते पुढेच, त्याच्या शेजारी बसले. आंबोलीला धुकं होतं, म्हणून चहाला थांबले. उतरताना लवूने दार लावलं. ते तिसऱ्या वेळी लागलं. त्याच्या ते ध्यानात आलं, पण मनात काही हललं नाही.

"कशी काय वाटली?" डॉक्टरांनी विचारलं.

"गियर जरा घट्ट आसा. चालवल्यार सुटतलो."

डॉक्टर आणखी काही ऐकायला थांबले होते. ब्रेकबद्दल, स्प्रिंगांबद्दल, कंपनीच्या नावाने चार शिव्या तरी. लवू बशीत चहा ओतत होता. मग डॉक्टरच बोलू लागले. तेव्हा नंबर सोडला तो त्याच्या एकट्याच्या सांगण्यावरून नव्हे, त्यांनाच जुनी गाडी सोडवत नव्हती, असं ते म्हणाले. हे त्यांना दीड वर्ष सांगायचं होतं.

लवूने सगळं ऐकून घेतलं. बशी खाली ठेवली.

"ॲक्सल माझो होतो, डॉक्टरानू," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात रागही नव्हता, दुःखही नव्हतं. धुकं थोडं विरळ झाल्यावर लवूने दिवे लावून गाडी घाटात घातली आणि सावकाश खाली आणली.

मालवणात दवाखान्यापुढे माणसं जमली. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्या भाईने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि लवूला विचारलं, जुन्या गाडीची सर हिला येईल का?

"चलता," लवू म्हणाला आणि फडकं ओलं करायला विहिरीवर गेला.

गुरुवारी तळेऱ्याला एक बाई बाळंतपणात अडली होती. निरोप येताच लवूने गाडी काढली. डॉक्टर पेटी मांडीवर घेऊन मागे बसले. दोन तासांत पोचले, वेळेवर पोचले. आत मूल रडलं तेव्हा बाहेरच्या लोकांनी लवूच्या हातावरही साखर ठेवली. त्याने ती खाल्ली, हात झटकला आणि डॉक्टर बाहेर येईपर्यंत गाडीत बसून राहिला.