हापशाची किल्ली

नवा लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती आणि जळकोटकडची गावं कोरडी पडली होती. चर्चच्या आवारातला हापसा तेवढा पाणी देत होता. त्याला सुवार्ताबाईंनी साखळी-कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

तीस वर्षं नर्स म्हणून काम केलेल्या सुवार्ताबाईंच्या हाती आता चर्चच्या मंडळीचं सगळं होतं. प्रभुभोजनाच्या प्याल्यातल्या रसासाठी मनुके भिजवणं त्यांच्याकडे, आणि प्याल्याला कोणी हात लावायचा तेही त्याच ठरवत.

मंडळीत एक रीत होती. प्रभुभोजनाआधी ज्याचं ज्याच्याशी बिनसलं असेल त्याने उठून जायचं, हात धरायचा, माफी मागायची. सुवार्ताबाई कधी उठल्या नव्हत्या. मला गरजच पडली नाही, असं त्या सांगत.

साखळी लागली ती मंडळीतल्याच धुरपताबाईमुळे. गावाने पावसासाठी धोंडी काढली. कडुनिंबाचा पाला बांधलेली पोरगी दारात आली, तशी धुरपताबाईने रीतीप्रमाणे तिच्यावर तांब्या ओतला.

"बाप्तिस्मा घेतलेली तू! पश्चात्ताप कर," हापशावर सुवार्ताबाई म्हणाल्या.

"उन्हानं करपून राहिली होती पोरगी, ताई. पाणी घातल्याचा पश्चात्ताप कसा करू, तेवढं सांगा."

बायका हसल्या. सुवार्ताबाईंना ते हसू झोंबलं. धुरपताबाईचा प्याला बंद झाला, हापसाही बंद. ती टेकडीपलीकडे रेवणप्पाच्या विहिरीवर जाऊ लागली.

शनिवारी हापशाची दांडी मोडली. टँकर आला नाही. दोन महिन्यांच्या खंडानंतर पाळक दुसऱ्या दिवशी उदगीरहून येणार होते आणि वाटीत मनुके कोरडेच होते. दिवस कलताना धुरपताबाईने पायरीवर कळशी ठेवली.

"उद्या प्रभुभोजन हाय न्हवं? गाळून घ्या, गाळ लई हाय."

एवढं बोलून ती गेली. सुवार्ताबाईंनी पाणी तीनदा गाळलं, उकळलं. जो प्याला या बाईला मिळणार नव्हता, त्याच्यासाठी ती टेकडी चढून आली होती. मनुके फुगले तरी त्या वाटीकडे बघतच बसल्या.

रविवारी पाळक म्हणाले, "कोणाचं कोणाशी बिनसलं असेल तर..."

सुवार्ताबाई उठल्या. माना वळल्या. दाराशी बसलेल्या धुरपताबाईकडे जाताना मनात आलंच, बघा, एवढी मोठी बाई किती नम्र. त्या विचाराने त्या इतक्या थकल्या की मध्येच खाली बसावंसं वाटलं. कशाबशा दारापाशी पोचल्या.

"चुकलं माझं, धुरपता." त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. दोराने घट्टे पडलेला हात.

"आता देऊन राहिलाव होय? हापसा मोडल्यावर?"

सगळी मंडळी हसली. सुवार्ताबाईंच्या अंगात रागवायचंही बळ नव्हतं. त्या तिथेच, उघड्या फरशीवर बसल्या.

"टेका भिंतीला," धुरपताबाई हळूच म्हणाली. "लई दमलाव."

पाळकांनी सुवार्ताबाईंकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. प्याला दारापर्यंत आला. धुरपताबाईने घोट घेतला, ओठ पुसले.

"पाणी उकळलंय चांगलं," ती म्हणाली, आणि प्याला सुवार्ताबाईंपुढे केला.